मेथीच्या जुडीचा बॅच नंबर

अमेरिकेत सरकार भाजीला माघारी बोलावतं. २० नोव्हेंबर २०१८ रोजी, थँक्सगिव्हिंगचा सण दोन दिवसांवर आलेला असताना, तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने अख्ख्या देशाला फर्मान सोडलं : रोमेन लेट्यूस नावाचा पाला खाऊ नका, विकू नका, घरात असेल तर फेकून द्या. आपल्याकडचा पाला रोमेन आहे की दुसरा कुठला हे कळत नसेल, तरी फेका. आणि फ्रिजच्या ज्या कप्प्यात तो ठेवला होता, तो कप्पासुद्धा धुऊन निर्जंतुक करा. न्यू जर्सीतल्या आमच्या भाच्याने हे सगळं शिस्तीत केलं आणि घरच्या ग्रुपवर रिकाम्या, चकाकत्या कप्प्याचा फोटो टाकला. माझ्या आईने चष्मा लावून तो फोटो नीट पाहिला.

"कुजला होता काय तो पाला?"

"नाही."

"वास मारत होता?"

"नाही गं."

"मंग टाकला कशाला? पैसे जास्त झाले काय त्याला?"

आई वरळी कोळीवाड्यातली. जन्म इथला, सासरही इथलंच, चार गल्ल्या सोडून. माल खराब असेल तर तो स्वतःच ओरडून सांगतो, यावर तिची श्रद्धा आहे, आणि मासळीच्या बाबतीत ही श्रद्धा आजवर खोटी ठरलेली नाही. पापलेट हातात आलं की कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबायचं. पांढरं पाणी आलं तर ताजं, तांबूस आलं तर 'ठेव खाली'. बोंबलाच्या जबड्याची लाली बघायची. कोलंबीचं डोकं धडाला धरून आहे की लोंबतंय ते बघायचं. चिंबोरी उचलून तिचं वजन जोखायचं. सुरमईचे कल्ले लाल असावेत, पण फारच लाल दिसले तर रंग लावलाय का म्हणून बोटाने पुसून पाहायचे. एवढं झालं की मग जबानी सुरू होते. कोणाच्या बोटीचं? बोट कधी लागली? बर्फात किती दिवस होतं? इथल्या जेटीवरचं की भाऊच्या धक्क्यावरून उचललंस? विकणारी बाई नात्यातली असली म्हणून सूट नाही. नात्यातली असेल तर उलट दोन प्रश्न जास्त.

आणि हीच आई सोमवारी भाजीवालीसमोर उभी राहते तेव्हा एवढंच म्हणते, "मेथी हाय? दे एक." पैसे देते, पिशवीत टाकते, घरी येते. जुडी सोडूनही बघत नाही. भाजी म्हणजे मासळी नसलेल्या दिवसाची तडजोड. तडजोडीकडून कोणी गुणवत्तेची अपेक्षा करत नाही.

तशी ही तडजोड आम्हाला पावसाळ्यात बरीच करावी लागते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्याच्या पाठोपाठ श्रावण. सुकट, सोडे, सुके बोंबील काही दिवस खिंड लढवतात, पण सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि श्रावण अशी फौज चालून आली की भाजीला शरण जावंच लागतं. आणि पालेभाजी सगळ्यात जास्त चिखलात लोळलेली असते तीही नेमकी याच दिवसांत. चातुर्मासाच्या जुन्या नियमांत श्रावणात पालेभाजी वर्ज्य सांगितली आहे. पूर्वजांनी आधीच काढून ठेवलेला हा रिकॉल. ना शोध घ्यायचा, ना नोटीस काढायची, महिना संपला की आपोआप मागे. आपण तो नियम मनापासून मानतो आणि श्रावणातच टाकळा, कुर्डू, भारंगी शोधत दादरचा बाजार पालथा घालतो.

बिघडलेला माल माघारी घेण्याची मासळीची पद्धत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. सकाळी घेतलेल्या हलव्याला दुपारी तव्यावर वास आला, तर गिऱ्हाईक बाई तो तुकडा ताटलीत घेऊन तडक विकणारीसमोर जाते. ती हळू आवाजात बोलत नाही. हळू बोलणं कोळीवाड्यात आजारपणाचं लक्षण समजतात. दोन मिनिटांत डावीकडच्या, उजवीकडच्या आणि समोरच्या कोळणींना कळतं की आज कोणाच्या पाटीतला हलवा कसा निघाला. तो कोणत्या बोटीचा होता हे विकणारीला माहीत असतं, बोटीचा नाखवा कोण हे सगळ्यांना माहीत असतं, आणि संध्याकाळपर्यंत नाखव्याच्या घरीही कळतं, बहुतेक वेळा त्याच्या सासूकडून. पैसे परत, माल परत, अब्रूचा पंचनामा वेगळा. सरकारी फाइल साहेबांच्या टेबलावर पोचायच्या आत हा रिकॉल पूर्ण होतो.

आता मेथीकडे वळू. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारी भाजीवाली मावशी घाटावरची. जुड्या ओल्या गोणपाटाखाली ठेवते. पाण्याच्या एका बाटलीच्या झाकणाला तिने खिळ्याने भोकं पाडली आहेत. थोड्या थोड्या वेळाने ती बाटली उचलते आणि सगळ्यांवर शिडकावा करते. मेथी, पालक, कोथिंबीर, वाकून बघणारं गिऱ्हाईक, कोणालाही वगळत नाही. ते पाणी कुठलं, हे आमच्या गल्लीत आजवर कोणी विचारलेलं नाही. उत्तर मिळालं तर भाजी घेता येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कायदा नाही म्हणावं, तर तसंही नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याच्या २८व्या कलमात सदोष माल बाजारातून माघारी घेण्याची तरतूद आहे आणि तो कसा घ्यायचा याचे नियम २०१७ साली आले. उत्पादक, आयातदार, घाऊक पुरवठादार या सगळ्यांनी माघारीची योजना तयार ठेवायची. केवळ किरकोळ विक्री करणाऱ्याला त्यातून सूट आहे. शेतकरी आणि मच्छीमार यांना तर १८व्या कलमाने एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसवून कायद्याच्या कक्षेतूनच बाहेर ठेवलं आहे. जुन्नरचा शेतकरी आणि वरळीचा नाखवा यांची एरवी कुठे गाठ पडली असती? थोडक्यात, मेथीच्या प्रवासाचं पहिलं टोक कायद्याबाहेर आणि शेवटचं टोक योजनेबाहेर. मधे राहिली वाशी.

फळं आणि भाज्यांचा घाऊक बाजार १९९६ साली मुंबईतून वाशीला गेला. रात्री ट्रक लागतात, पहाटे टेम्पो सुटतात. दहा गावांच्या जुड्या एका ढिगात येतात, तो ढीग भायखळ्याला नाहीतर दादरला पुन्हा फुटतो आणि तिथून टॅक्सीच्या डिकीत बसून आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरतो. २०१५ च्या जूनमध्ये मॅगी माघारी बोलावली तेव्हा ती देशभरातल्या दुकानांतून मुकाट परत आली आणि हजारो टन पाकिटं सिमेंटच्या भट्ट्यांत जाळली गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, ते पुढचं. पण बोलावल्यावर पाकीट परत येऊ शकलं, कारण पाकिटावर कंपनी होती, तारीख होती, बॅच नंबर होता. मेथीच्या जुडीवर काय असतं? एक दोरा.

मावशीची योजना लेखी नसली तरी पक्की आहे. "अळी घावली तर उद्या आणून दाव, बदलून देते." यात अळी जिवंत ठेवायची जबाबदारी गिऱ्हाइकाची.

अन्न सुरक्षा कायद्याचं ४०वं कलम माझं विशेष लाडकं आहे. कोणीही सामान्य ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. अट एवढीच, की हा माल आपण तपासायला नेणार आहोत हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचं. आता हा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सोमवारची सकाळ, मावशीभोवती गर्दी, आणि तुम्ही घसा खाकरून म्हणता, "मावशी, ही जुडी मी कायद्याप्रमाणे तपासणीसाठी नेत आहे, तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य आहे." गर्दी दोन पावलं मागे सरकते. मावशी तुमच्याकडे बघते, मग तुमच्या पिशवीकडे बघते आणि म्हणते, "दादा, बरं नाय का वाटत?" तरीही तुम्ही नेटाने जुडी घेऊन गेलात, तर अहवाल द्यायला विश्लेषकाला कायद्याने १४ दिवस आहेत. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः नमुना घेतला तर त्याचे चार भाग करून सील करायचे असतात. वीस रुपयांच्या जुडीचे चार भाग केल्यावर प्रत्येक भागाला जे काही येतं, त्यात वरणावर टाकायला फोडणीसुद्धा होत नाही. आणि १४ दिवसांनी अहवाल येतो तेव्हा ती जुडी खाल्लेली माणसं एकतर ठणठणीत असतात किंवा त्यांना अहवालाची गरज उरलेली नसते.

भाजीचा पत्ता लावताच येत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. आपल्याच राज्यात तो लागतो, फक्त खाणारा युरोपात असावा लागतो. २०१० साली महाराष्ट्रातली द्राक्षं क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनाच्या अंशापायी युरोपात अडकली आणि बागायतदारांचं कंबरडं मोडलं. आज युरोपला जाणाऱ्या घडाची पत्रिकाच तयार असते. अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट यंत्रणेवर बागेची नोंद, प्लॉटचा नंबर, फवारणीच्या नोंदी, प्रयोगशाळेचा अहवाल. नमुन्यात दोष निघाला तर इशारा जातो आणि त्या बागेचा माल थांबतो. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यावर डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं. रॉटरडॅमच्या माणसाला आपल्या द्राक्षाचा गट नंबर कळू शकतो. वरळीच्या माणसाला फक्त आरोळी कळते : "एक्स्पोर्टचा माल, एक्स्पोर्टचा!" एक्स्पोर्टचा माल एक्स्पोर्ट का झाला नाही, हे विचारायला त्या गर्दीत कोणाला सवड नसते.

युरोपने १ मे २०१४ पासून भारतातून येणाऱ्या आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांना दारं लावून घेतली होती. तक्रार होती फळमाशी आणि इतर किडींची. खाणाऱ्याच्या पोटापेक्षा तिथल्या बागांची काळजी जास्त. आंब्यासाठी केवढी हळहळ झाली! निषेध झाले, चर्चा झडल्या, पुढच्याच वर्षी आंब्याची सुटकाही झाली. कारल्यासाठी कोणी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पडवळावर बंदी आली हे कळल्यावर तर आमच्या घरातल्या मुलांनी युरोपबद्दल प्रथमच आदर व्यक्त केला.

आपल्याकडे भाजी कुठून आली याचं उत्तर ठरलेलं असतं : नाशिक. टोमॅटो नाशिकचा, कोबी नाशिकचा, भोपळी मिरची नाशिकची. लोकलमधून जाताना रुळांच्या कडेला लाल माठ, पालक आणि भेंडीचे वाफे दिसतात. 'अधिक धान्य पिकवा' या योजनेखाली रेल्वेच्याच जमिनीवर ही शेती सुरू झाली आणि बाजूच्या नाल्याचं पाणी त्या भाजीला मिळतं म्हणून वर्षानुवर्षं ओरड होत आली. खिडकीतला प्रत्येक प्रवासी ते वाफे बघून नाक मुरडतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, "हे खातं कोण हो?" शेजारीही मान हलवतो. मग दोघे दादरला उतरतात आणि केशवसुत पुलाखालून नाशिकचा लाल माठ घेऊन घरी जातात. मुंबईत आजवर एकाही विक्रेत्याने रुळांकडेची भाजी विकलेली नाही आणि एकाही गिऱ्हाइकाने ती खाल्लेली नाही. तरी वाफे दर महिन्याला कापले जातात.

अधिकृत बातमी मिळत नाही म्हटल्यावर अनधिकृत येणारच. सरकारी सूचनेला तारीख असते, बॅच असतो, कधीतरी ती मागेही घेतली जाते. व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डला यातलं काहीच नसतं, त्यामुळे तो अमर असतो. कलिंगडाला लाल रंगाचं इंजेक्शन देतात हा फॉरवर्ड दर उन्हाळ्यात कलिंगडाच्या आधी बाजारात येतो. प्लास्टिकचा कोबी अधूनमधून कोणाच्या तरी कढईत वितळतो. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचं गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाला जागेवरच्या तपासणीत दिसलं, मग प्रयोगशाळेने ते मर्यादेत असल्याचं सांगितलं. मासळीत जे घालायचंच नाही त्याची मर्यादा कसली, म्हणून गोवेकर खवळले आणि सरकारने काही दिवस परराज्यातली मासळीच बंद केली. इकडे मुंबईत फॉरवर्ड फिरला : ज्या मासळीवर माशी बसत नाही ती घेऊ नका. झालं! ज्या बायकांचं आयुष्य पाटीवरच्या माशा हाकलण्यात गेलं, त्यांच्यासमोर गिऱ्हाइकं वाकून माशी शोधायला लागली. एका गृहस्थाने तर "एकही दिसत नाही हो," अशी तक्रारच केली. कोळणीने पंखा बाजूला ठेवला. "थांब. आयली की देते बांधून. तिचे पैसे नाय घेणार."

रस्त्यावरचा खरा, डोळ्यांनी दिसणारा रिकॉल म्हणजे महापालिकेची गाडी. उन्हाळा तापला की उघड्यावरची कापलेली फळं, बर्फाचे गोळे, उसाचा रस यांच्यावर कारवाई सुरू होते. माल जप्त, माल नष्ट. रोग पसरू नये म्हणून केलेलं हे चांगलं काम आहे, आणि ते ज्यांच्यासाठी केलं जातं त्यांचा त्याला कडवा विरोध असतो. गाडी वळणावर दिसली की विक्रेत्याच्या आधी गिऱ्हाईक धावतं. पपईच्या फोडींची परात उचलून जिन्याखाली ठेवतं, वर आपली छत्री उघडून धरतं, आणि गाडी गेली की त्याच परातीतली फोड मीठ-मसाला मारून खातं. लोकशाहीत लोकांना आपला आजार निवडण्याचं स्वातंत्र्य असलं पाहिजे, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

भाजीची खरी दहशत आम्ही एकदाच अनुभवली. मार्च २०२० च्या अखेरीस कोळीवाडा सील झाला, मुंबईत अगदी सुरुवातीला सील झालेल्या वस्त्यांपैकी आमची एक. बाजार बंद, जेटी बंद. जी काही भाजी आत यायची तिच्यावर लोक तुटून पडले, साबण घेऊन. कोबीला शाम्पू लागला. टोमॅटो भांड्याच्या वडीने घासून वाळत टाकले. फेसाळलेली भेंडी मी या डोळ्यांनी पाहिली आहे. शेवटी अन्न सुरक्षा प्राधिकरणाला सांगावं लागलं की बाबांनो, भाज्या साबणाने आणि जंतुनाशकाने धुऊ नका, स्वच्छ पाण्याने धुवा. मासळीला मात्र त्या दिवसांतही कोणी साबण लावला नाही. जिच्याबद्दल माहिती असते तिची भीती बेताची असते. भाजीची माहिती शून्य, म्हणून भीती एकतर शून्य नाहीतर शंभर टक्के.

इथे थोडं गंभीर व्हावं लागेल. आईची परीक्षा सडलेल्या मालासाठी आहे. ई. कोलाय जंतूला वास नसतो, कीटकनाशकाच्या अंशाला रंग नसतो, नाल्याच्या पाण्यातल्या जड धातूंनी पालकाचं पान कोमेजत नाही. मे २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची साथ आली आणि ५० हून अधिक माणसं दगावली. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी आधी स्पेनच्या काकडीकडे बोट दाखवलं. युरोपभर काकडीला कोणी शिवेना. स्पेनच्या शेतकऱ्यांवर ढिगांनी काकड्या फेकून द्यायची पाळी आली. पुढे निष्पन्न झालं की दोष मोड आलेल्या धान्याचा, आणि बोट वळलं इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांकडे. काकडी निर्दोष सुटली, तोवर तिचा शेतकरी बुडाला होता. अमेरिकेतल्या त्या रोमेनचंही तेच. पाला कुठल्या शेतातला हे पिशवीवर नव्हतं, म्हणून देशातला सगळाच्या सगळा पाला आरोपी ठरला. आठवड्याभरात तिथे पिशव्यांवर पिकाचा प्रदेश आणि कापणीची तारीख छापायचं ठरलं, आणि पुढच्या महिन्यात तपास कॅलिफोर्नियातल्या एका शेतावरच्या पाणीसाठ्याच्या गाळापर्यंत जाऊन पोचला.

आमच्या गल्लीत याची छोटी आवृत्ती दर पावसाळ्यात निघते. कोणाच्या तरी घरात पोटं बिघडतात, आदल्या दिवशी पालक खाल्लेला असतो, आणि दुपारच्या आत सगळा पालक बदनाम होतो. खरं म्हणजे आदल्या दिवशी पाणीपुरीही झालेली असते, पण पाणीपुरीवर आळ घ्यायची कोणाची छाती नाही. मावशीचा धंदा बसतो. ती शपथेवर सांगते की माल चांगला होता, पण कुठल्या गावचा, कोणाच्या शेतातला, हे तिलाच ठाऊक नसल्याने तिची बाजू लंगडी पडते. तेव्हा नाव-गावाची नोंद फक्त खाणाऱ्याच्या भल्याची असते असं नाही. ती विकणारीला आणि पिकवणाऱ्यालाही वाचवते. बोटीचं नाव माहीत असतं म्हणून एका पाटीतला हलवा खराब निघाला तरी बाकीच्या पाट्या खपतात.

घरात संशयित भाजी निघालीच, तर पुढे काय होतं तेही बघण्यासारखं असतं. ती थेट कचऱ्यात जात नाही. आधी तिच्यावर बैठक बसते. "चांगली वीस रुपयांची जुडी आहे." "धुऊन घे, काही होत नाही." "शिजवलं की सगळं मरतं." यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. नीट शिजवलं तर जंतू मरतात. कीटकनाशकं आणि जड धातू यांना मुळात जीवच नसतो, ते मरणार कसे? मग शेवटचा ठराव येतो : "कामवाल्या बाईला देऊन टाक." आपल्याला जे खायची भीती वाटते ते दुसऱ्याला देऊन पुण्य गाठीला बांधण्याची ही युक्ती आपल्या सुसंस्कृत घरांत फार जुनी आहे. ती बंद झाली पाहिजे. जी जुडी आपण खाणार नाही, ती कोणीच खायची नाही.

मोठा पेच पडला की आमच्या गावात गोल्फादेवीचा कौल घेण्याची रीत आहे. देवी समर्थ आहे, पण दर सोमवारी मेथीच्या जुडीसाठी तिला तसदी देणं बरं दिसत नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं मुख्यालय सी लिंकच्या पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तेही दर जुडीमागे धावू शकणार नाही. मधली जबाबदारी आपली. ती निभावण्याची अक्कल कोळीवाड्यातल्या प्रत्येक बाईकडे आहे, फक्त ती मासळीपुरती राखून ठेवली आहे.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच. पापलेट घेताना जी जबानी घेता, ती मेथी घेतानाही घ्या. कोणाकडून उचलली, कुठल्या गावची, कधीची? मावशीला पहिल्या दिवशी सांगता येणार नाही. चार गिऱ्हाइकांनी रोज विचारलं तर ती दादरच्या व्यापाऱ्याला विचारेल, तो वाशीच्या आडत्याला विचारेल, आणि आडत्याला नियमाप्रमाणे ते माहीत असायलाच हवं. भाजी वाहत्या पाण्याखाली पान पान सोडून धुवा, साबण कपड्यांसाठी ठेवा. खाऊन त्रास झालाच तर उरलेली जुडी बैठक न बसवता पिशवीत बांधून वेगळी ठेवा, कुठून आणि कधी घेतली ते लिहा, डॉक्टरांना दाखवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या नि:शुल्क क्रमांकावर कळवा. नळावर कळवायला हरकत नाही, पण फक्त नळावर कळवू नका. आणि 'नाशिक' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत.